सहावं कलम

प्रेमराजनानांना बोरटेकात तोंडावर सगळे 'नाना' म्हणत आणि पाठीमागे 'वकिलातवाले'. दिल्लीला परराष्ट्र खात्यात ते एकतीस वर्षं दफ्तरी होते. म्हणजे काम काय, तर फायली वाहायच्या, बैठकीच्या खुर्च्या मांडायच्या, कुलपं लावायची आणि उघडायची. पण निवृत्त होऊन गावी आल्यावर पारावर बसून ते असं काही रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन देशांचे हात यांनीच धरून एकमेकांच्या हातात दिले असतील.

त्यात थोडं खरंही होतं. मधली काही वर्षं त्यांना परदेशात, आपल्या वकिलातीत पाठवलं होतं. देशाचं नाव ते अजून सांगत नाहीत. सही करून दिलीय म्हणतात. त्या देशाशी बिनसलं, वकिलात बंद झाली, आणि शेवटचं कुलूप नानांनीच लावलं. अकरा वर्षांनी पुन्हा जमलं, तेव्हा कुठल्या कुलपाची कुठली किल्ली हे माहीत असलेला माणूस म्हणून पहिल्या तुकडीत पुन्हा नानांनाच धाडलं. फाटकाशी शेजारचा म्हातारा माळी उभा होता. त्याने नानांना ओळखलं आणि आपल्या भाषेत अर्धा तास नुसतं झाडून काढलं. नाना कानकोंडे होऊन ऐकत राहिले. बरोबरचे साहेब हसत होते. ते म्हणाले, "तो विचारतोय, सांगून का गेला नाहीस? कुंपणाला पाणी कोणी घालायचं?" अकरा वर्षं त्या म्हाताऱ्याने पाणी घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं सांगून झालं की लोटनआबा हमखास विचारायचे, "नाना, इतली विद्या शे ना, मंग सामरेनं काय?" मग नाना चष्मा पुसायला घ्यायचे.

लोटनआबा हे बोरटेकचे माजी सरपंच, शब्दाला पक्के आणि रागालाही पक्के. आणि सामरे हे नदीपलीकडचं गाव. शिंदखेडा तालुक्यात बुराई नदीच्या अलीकडे बोरटेक, पलीकडे सामरे. मध्ये पाव कोस वाळू. इकडच्या देवळातली आरती तिकडे ऐकू जाते, तिकडचं कुत्रं भुंकलं की इकडचं उत्तर देतं. पण छत्तीस वर्षं या दोन गावांत रोटी नाही, बेटी नाही, मयताला खांदा नाही. आणि त्या सामऱ्यात, नानांच्या ओट्यावरून ज्याचं लिंबाचं झाड दिसतं अशा घरात, नानांची थोरली बहीण भिकुबाई दिलेली होती.

आता हे बिनसलं कशावरून, ते सांगायचं तर आखाजी सांगावी लागेल. पंचांगवाले अक्षय तृतीया म्हणतात. आमच्याकडे आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. भाऊ मुऱ्हाळी म्हणून जायचा, म्हणजे बहिणीला आणायला. तो आला की सासू कितीही खाष्ट असली तरी नाही म्हणायची नाही. मग माहेरी आठ दिवस लिंबाच्या फांदीला झोके, खापरावरचे मांडे, आमरसाच्या घागरी, नदीतल्या वाडीतली डांगरं, म्हणजे आमची खरबुजं. भिकुअक्का झोक्यावर उभी राहिली की धाकटा प्रेमराज खालून दोर ओढायचा आणि ती वरून ओरडायची, "आखो! आखो रे भाऊ!" तो 'आखो', म्हणजे 'आणखी', नानांना दिल्लीत, हिवाळ्यात, फायलींच्या खोलीत बसलेले असतानाही ऐकू यायचा.

आणि आखाजीच्या दिवशी बार. गौराई बोळवायला बोरटेकच्या बाया या काठाला आणि सामऱ्याच्या बाया त्या काठाला उभ्या राहत आणि एकमेकींच्या गावाचा उद्धार करत. शिव्याच त्या, पण तालात, गाण्यात, पदर खोचून. वर्षभर जे गिळलं ते सगळं त्या दिवशी नदीत. चिमूटभर खडेही उडायचे. गंमत अशी की माहेरी आलेली बाई माहेरच्या बाजूने उभी राहायची आणि समोर काठावर उभ्या असलेल्या आपल्याच सासूला, आपल्याच जावेला तोंडभरून शिव्या द्यायची. आठ दिवसांनी परत गेली की तीच सासू विचारायची, "काय वं, गळा बसना का तुना?" आणि दोघी हसायच्या.

छत्तीस वर्षांपूर्वीच्या आखाजीला खड्याऐवजी दगड गेला. सामऱ्याच्या पोलीस पाटलाच्या सुनेला, धुरपदाबाईला, तो डोळ्यावर लागला. डोळा गेला. ही धुरपदाबाई म्हणजे भिकुबाईची चुलत जाऊ, दोघी एकाच घरात नांदणाऱ्या. दगड कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बोरटेकच्या शंभर बाया काठावर होत्या. मग पुरुष लाठ्या घेऊन नदीत उतरले, डोकी फुटली, धुळ्याच्या कोर्टात खटला चालला आणि एक दिवस कंटाळून संपलाही. तेढ मात्र संपली नाही.

त्या मारामारीच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोन्ही गावांनी माहेरी गेलेल्या आपापल्या सुना परत घेतल्या. नदीच्या मधोमध एक काळा खडक आहे, हत्तीधोंडा म्हणतात. तिथपर्यंत इकडच्यांनी यायचं, तिथून पुढे तिकडच्यांनी, असं ठरलं. नाना तेव्हा रजेवर आले होते. अक्काचं गाठोडं उचलून ते तिच्याबरोबर हत्तीधोंड्यापर्यंत गेले आणि थांबले. घरापर्यंत पोचवायला हवं होतं; मुऱ्हाळ्याची रीतच ती. पण दोन्ही काठांवर लाठ्या उभ्या होत्या आणि नानांनी तिथेच गाठोडं खाली ठेवलं. ते एवढंच म्हणाले, "अक्का, पुढली आखाजीले मी येसू लेवाले."

ती गाठोडं डोक्यावर घेऊन उरलेली नदी एकटी चालत गेली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. ते नाना कधी विसरले नाहीत.

पुढली आखाजी आली, तशा पस्तीस आल्या. भेट अगदीच झाली नाही असं नाही. शिरपूरच्या दवाखान्यात भेटले, धुळ्याला कुणाच्या लग्नात भेटले, पुढे मोबाईल आले तेव्हा रोज बोलूही लागले. पण बोरटेकच्या उंबऱ्यावर तिचं पाऊल पडलं नाही आणि सामऱ्याच्या वाटेला हे गेले नाहीत. या वर्षी होळीनंतर तिचा फोन आला. आवाज खोल गेलेला. शिरपूरच्या डॉक्टरने हृदय थकलं म्हणून सांगितलं होतं.

"भाऊ, या आखाजीले येशी का?"

"अक्का, रोज बोलतस ना आपन?"

"फोनवर माहेर मियस का रे?" ती म्हणाली. "पुढली आखाजी मी दखसू का नही, देव जाने."

फोन ठेवून नाना ओट्यावर आले. पलीकडचं लिंबाचं झाड उन्हात उभं होतं. दोन देशांमधलं कुलूप उघडलेल्या माणसाला पाव कोसाची वाळू ओलांडता येत नव्हती, याची त्यांना लाज वाटली. उघड लाज, डोळ्यांत पाणी आणणारी.

मग ते कामाला लागले. आणि कामाला लागले ते अगदी खात्याच्या रीतीने. भांडलेले देश एकदम गळ्यात पडत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. आधी काहीतरी बारीकसं करून बघायचं, ज्याला नाही म्हणता येत नाही असं. सामऱ्यातला एक जख्ख म्हातारा वारला, तेव्हा नाना हत्तीधोंड्याच्या एक पाऊल पलीकडे जाऊन हात जोडून उभे राहिले. तिरडी जाईपर्यंत उभे राहिले. कुणी हाकललं नाही. पंधरा दिवसांनी बोरटेकच्या मारुतीच्या जत्रेला सामऱ्याहून नाव न सांगता एक नारळ आला. लोटनआबा म्हणाले, "कोन्हा शे हाऊ?" नाना म्हणाले, "आबा, वाढवा. इचारू नका."

पुढची पायरी तिसऱ्या देशाची. लोटनआबा, सामऱ्याचे अभिमनभाऊ आणि यावलचे जीवरामभाऊ हे तिघे कॉलेजला असताना धुळ्याच्या बोर्डिंगात एका खोलीत राहत. अभिमनभाऊ म्हणजे धुरपदाबाईचे दीर, भिकुबाईचे चुलत दीर, आणि सामऱ्यात त्यांचाच शब्द चाले. जीवरामभाऊंची यावलला केळी होती आणि दोघांशी त्यांचं अजून बोलणं होतं. नानांनी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आना ना दोघांले. एका ताटात जेवले होते, मी पाहिलं होतं."

दोघं गेले खरे, पण एका गाडीत कसे बसणार? लोटनआबा शिरपूर-चोपडामार्गे एसटीने आले आणि अभिमनभाऊ धुळे-जळगावमार्गे, पंधरा-वीस कोसांचा वळसा घालून. जीवरामभाऊंच्या मळ्यात एक खाट आणि एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. आधीच पोचलेल्या नानांनी ती बघितली आणि त्यांना घाम फुटला. "भाऊ, एक उंच एक खाली चालत नाही. दोन्ही सारखं पाहिजे." शेवटी शेजारच्या मळ्यातून दुसरी खाट डोक्यावर आणवली. तिचा सुंभ सैल होता, म्हणून लोटनआबा इंचभर खाली बसले आणि तेवढ्यावरून पुन्हा तोंड फुगवू लागले. नानांनी पाठीशी घोंगडी घडी करून सरकवली.

"पहिले त्यासनी सांगानं, दगड कोन्ही मारा ते," अभिमनभाऊंनी तोंड उघडलं.

"आनि फुटेल डोकासना टाका आम्हना नव्हतात का?" लोटनआबा.

नानांनी हात वर केला. त्यांच्या जुन्या साहेबांचा एक नियम होता आणि तो त्यांना पाठ होता: कुणी चुकलं हे कागदावर लिहायचं नाही, लिहिलं की कागद फाटतो. पुढे काय करायचं तेवढंच लिहायचं. मग केळीच्या सावलीत, दुपारभर, शेवभाजी आणि भाकरीच्या साक्षीने नानांनी कलमं लिहिली. लेकी-बहिणींनी मोकळं यावं-जावं. सोयरीक करायला आडकाठी नाही. लग्न-मयताला निरोप द्यायचा. जुन्या खटल्याचा विषय काढायचा नाही. नदीतली वाट दोघांची. आणि सहावं कलम नानांनी स्वतःच्या डोक्यातून काढलं, त्याचा त्यांना विशेष अभिमान होता: 'आखाजीला नदीवर बार खेळला जाणार नाही. कोणीही कोणाला शिवीगाळ करणार नाही.' भांडणाचं मूळच उपटलं, असं त्यांना वाटलं. दोघांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. आणि परतताना, कुणी काही न बोलता, दोघे चोपड्याच्या एकाच एसटीत चढले. खिडकीची जागा कुणाची यावरून मागच्या बाकावर बोर्डिंगातल्यासारखी खेचाखेची झाली म्हणे.

सहाही कलमं ठरली तेव्हा तिथे एकही बाई बसलेली नव्हती. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, नानांच्याही नाही.

आखाजीच्या सकाळी नाना नवी टोपी घालून, पिशवीत लुगडं आणि डांगर घेऊन नदीत उतरले. हत्तीधोंड्याशी आल्यावर क्षणभर थबकले, आणि मग पुढे गेले. छत्तीस वर्षांनी पाय त्या वाळूत पडला तेव्हा ते म्हातारे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

भिकुबाई ओट्यावर तयार बसली होती. शेजारी गाठोडं. गाठोडं बांधत होती धुरपदाबाई; चष्म्याची एक काच काळी, पण हात अजून चपळ. तिने गाठ घट्ट केली, नानांकडे पाहिलं आणि म्हणाली, "भलता उशीर कया रे नाना." नानांनी गाठोडं उचललं. "दिवाईलोंग ठेव तिले," ती म्हणाली. "आनि औषध इसरू नको. सकायनी गोयी पिवळी, रातनी पांढरी."

बहीण-भाऊ नदीत उतरले. अक्का हळूहळू चालत होती, नानांच्या खांद्यावर हात टाकून. मागे सामऱ्याच्या बाया काठावर आल्या, पुढे बोरटेकच्या. दोन्हीकडे पुरुषांनी गर्दी आवरायला दोर लावलेला, हार आणलेले, चहाचे थर्मास आणलेले. लोटनआबांनी भाषणाचा कागदही आणला होता. सगळं कसं शिस्तीत होतं आणि सगळ्या बाया गप्प उभ्या होत्या, तलाठ्याच्या बैठकीला बोलावल्यासारख्या.

हत्तीधोंड्यापाशी भिकुबाई थांबली.

"दमनी का अक्का?"

"भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "तो दगड मना हातना व्हता."

नानांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"खडा समजीसन मी मूठ भरी. त्यामा तो इतला मोठा निंघी ऱ्हायना, ते माले हातमाईन सुटावर समजनं. समोर धुरपदा व्हती. हसी ऱ्हायंती."

"मंग तू…" नानांनी मागे सामऱ्याच्या काठाकडे पाहिलं. "मी तुले आठे सोडं तव्हय…"

"तव्हय त्याच घरमा गयी ना. तिना डोयाले पट्टी मीच बांधी. छत्तीस वरीस तिनं जेवन मी वाढं, मनं तिनी."

"तिले माहीत शे?"

"मी सांगं नही. तिनी इचारं नही."

नाना खडकाला टेकले. दगड कुणी मारला हे बाहेर पडलं असतं तर ज्या घरात तिला कुणी उभं केलं नसतं, त्याच घरात त्यांनी तिला अर्ध्या नदीतून एकटीला धाडलं होतं. आणि वर दिल्लीत बसून लोकांच्या खुर्च्या सारख्या करत होते.

भिकुबाईने मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती दोन्ही काठांवरच्या गप्प बायांकडे बघत होती. "हाई काय वं?" ती म्हणाली. "कोन मरनं शे का? बार काबरं नही?"

"अक्का, सहावं कलम… शिव्या देवान्या नहीत असं ठरनं शे."

"कोनी ठराई?"

"मी," नाना म्हणाले.

"तू लहानपनपाईन असाच," ती म्हणाली, आणि हत्तीधोंड्याच्या अलीकडच्या बाजूला, माहेरच्या वाळूत, दोन पाय रोवून सामऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. पदर खोचला. छातीत दम नव्हता, तरी कुठून तरी आवाज काढला:

"ओ सामरेन्या बायास्वन! तुमना गावमा दाय शिजस नही, जवाई येस तो उपाशी जास! तुमना कोंबडाबी आयशी, दुपारले आरवस!"

पुढचं इथे लिहिण्याजोगं नाही.

दोन्ही काठ थिजले. लोटनआबांच्या हातातला कागद तसाच राहिला. अभिमनभाऊ उभे राहिले आणि दोर धरलेल्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. करार अमलात आला त्याच दिवशी मोडला होता आणि तो मोडला होता नानांच्याच बहिणीने. लाठ्या कुठे आहेत, हे नानांनी नकळत डोळ्यांनी शोधलं.

तेवढ्यात सामऱ्याच्या काठावरची गर्दी बाजूला झाली आणि धुरपदाबाई पुढे आली. दोर ओलांडून वाळूत उतरली. कमरेवर हात ठेवला. तिचा आवाज साऱ्या नदीवर ऐकू गेला:

"ए भिके! या टाइमले दगड मारशी ते नीट नेम धरीसन मार वं! मना एक डोया आजून शाबूत शे!"

आधी सामऱ्याच्या बाया हसल्या, मग बोरटेकच्या, आणि मग दोन्ही काठांवरून छत्तीस वर्षांच्या तुंबलेल्या शिव्या एकदम सुटल्या. म्हाताऱ्या पुढे, सुना मागे. ज्या पोरींनी बार कधी पाहिला नव्हता त्याही पदर, ओढण्या खोचून उतरल्या. लोटनआबांच्या नावाने पलीकडून एक कडवं आलं, तेव्हा अभिमनभाऊ पोट धरून हसले. कुणाच्याही लक्षात आलं नाही की धुरपदाबाई काय बोलली. गर्दीला ती नुसती शिवी वाटली. ते ऐकायला माणसं दोनच होती, आणि ती हत्तीधोंड्याशी उभी होती.

भिकुबाई खाली वाळूत बसली. तोंडावर पदर घेतला आणि तिचे खांदे हलू लागले. नाना घाबरले, छातीत दुखलं असेल असं त्यांना वाटलं. खिशातला करार काढून त्यानेच ते तिला वारा घालू लागले.

"ऊठ अक्का, घर चाल. मांडा झायात, सुनबाई वाट दखी ऱ्हायनी."

तिने पदर बाजूला केला. चेहरा ओला होता आणि हसतही होता. झोक्यावर उभी राहून ओरडायची तेव्हा दिसायची, तशीच अगदी.

"थांब रे भाऊ," ती म्हणाली. "छत्तीस वरीसमा आज ती त्या दगडनं बोलनी. माले तिले उत्तर देऊ दे."

आणि नानांच्या खांद्याला धरून ती पुन्हा उभी राहिली.